येतो की येते

आमच्या स्वयंपाकघराच्या मागे एक चिंचोळी जागा आहे. इथे बेंगळुरात तिला सगळे युटिलिटी म्हणतात. कपडे धुण्याचं मशीन, फरशी पुसायचा दांडा, दोन बादल्या, डोक्यावर वाळत घातलेले कपडे, आणि ह्या सगळ्यातून उरलेल्या जागेत एक निळं प्लास्टिकचं स्टूल. त्या स्टुलावर मी रोज सकाळी प्रार्थनेला बसते. ओला टॉवेल कधी कधी कपाळाला लागतो. समोर कबुतरं आत येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी, जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची अशीच युटिलिटी, तिलाही जाळी. आभाळ बघायचं तर मान तिरकी करावी लागते, आणि दिसतं तेही चौकोनाचौकोनांचं.

हसू नका. ही जागा मी निवडलेली नाही, उरली म्हणून मिळाली. झोपायच्या खोलीत माझ्याबरोबर नात असते, दिवा लावला की ती जागी होते. हॉलमध्ये पहाटेपासून मुलगा कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांशी बोलत येरझाऱ्या घालतो. बाल्कनीत सूनबाईची व्यायामाची सतरंजी. बाथरूममध्ये बसून देवाचं नाव घ्यायला माझं मन धजेना. राहिली युटिलिटी.

गावाकडे आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगायचे, प्रार्थना दार लावून करावी, एकांतात. तेव्हा मला वाटायचं, साहेबांना बोलायला काय जातं! घरात दीर, जावा, पोरं, पाहुणे, आणायचा कुठून एकांत? आता अकराव्या मजल्यावर एकांतच एकांत आहे आणि दारंच दारं आहेत. बाहेरच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप. पहिल्या महिन्यात मी नुसती लिफ्टपर्यंत जाऊन आले, तर मागे दार आपोआप लागून गेलं. आकडे दाबले ते चुकले. पुन्हा दाबले, तर कुलूप असं किंचाळायला लागलं की मीच घाबरून जिन्यात जाऊन बसले. सूनबाई ऑफिसातून येईपर्यंत तिथेच होते. नंतर तिने आकडे कागदावर लिहून दिले. पण मी त्या दाराच्या वाटेला जात नाही. गुडघे तसेही कुठे नेणार? खाली उतरलं तरी गेट, आणि गेटाबाहेर बेळ्ळंदूरचा तो रस्ता. तो ओलांडायचा म्हणजे आधी प्रार्थना करावी लागेल!

मराठी उपासना ह्या शहरात आहे, नाही असं नाही. पण ती महिन्यातून एकदा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोनदा गेलो. जायला दोन तास, यायला त्याहून जास्त. मग मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना अजून चालू आहे.

तर आता सवयीचं सांगते. रोजच्या प्रार्थनेची सवय मला इथे येऊन लागली, म्हणजे सत्तरीच्या उंबऱ्यावर. जन्माने ख्रिस्ती, शाळामास्तराची बायको, आणि तोवर सवय नव्हती असं कसं, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं.

आमचे हे मास्तर. नगरकडच्या आमच्या गावात दिवेलागणीला घरची प्रार्थना व्हायची, वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हापासून बेचाळीस वर्षं. पाऊस असो, पाहुणे असोत, मुलाची परीक्षा असो. हे खुर्चीत बसायचे, मी खाली चटईवर, मुलगा माझ्याजवळ. हे शास्त्रातला भाग वाचायचे, मग प्रार्थना करायचे. मी काय करायचे? डोक्यावर पदर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि शेवटी आमेन म्हणायचे. अर्धं लक्ष चुलीवरच्या भाताकडे. बेचाळीस वर्षांत माझ्या तोंडून देवाला किती शब्द गेले असतील? एकच. आमेन.

ह्यांना दवाखान्यात आत नेत होते, त्या चाकांच्या खाटेवरून, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "घरातली प्रार्थना बंद पडू देऊ नकोस."

मी म्हटलं, "नाही पडू देणार."

मग "येतो" म्हणाले आणि गेले. आले नाहीत.

वर्षाच्या आत मुलाने मला इकडे आणलं. घराला कुलूप घातलं, किल्ली त्याच्या कपाटात. मी मनात म्हटलं, घर बदललं तरी वचन तेच. पहिल्याच संध्याकाळी पदर घेऊन बसले. सात वाजले, सूनबाई रस्त्यात अडकलेली. साडेसात, मुलगा फोनवर. आठ वाजता नात म्हणाली, "आजी, माझा होमवर्क आहे." एकदा रविवारी सगळे बसले, अगदी मनापासून बसले हो. मुलगा म्हणाला, "आई, तू कर प्रार्थना." मी डोळे मिटले. तोंड उघडलं. आणि काही नाही! विहिरीत घागर सोडावी आणि ती कोरडीच वर यावी, तसं. शेवटी मुलानेच दोन वाक्यं म्हटली, इंग्रजीत. मी आमेन म्हटलं. तेवढंच मला येत होतं.

त्या रात्री मला पक्कं कळलं की घरातली प्रार्थना बंद पडलीय आणि ती माझ्यामुळे पडलीय. ह्यांनी वचन घेतलं ते अशा बाईकडून, जिला प्रार्थनाच येत नाही. पण दिलेला शब्द परत कसा घेणार, आणि घ्यायचा तरी कुणाकडे जाऊन?

सूनबाई माझी चांगली आहे. पुण्याची, चटपटीत. मी तिला सांगितलं, तर तिने माझ्या फोनवर प्रार्थनेचं एक ॲप घालून दिलं. सकाळी सहाला फोन टिणटिणायचा, मग एक बाई हळू आवाजात इंग्रजीत बोलायची, मागे पाण्याची खळखळ. मला त्या खळखळीने भलतंच व्हायचं आणि उठून जावं लागायचं. रोज ऐकलं की त्यात एक ज्योत पेटायची. चार दिवस ऐकायचं राहिलं, तर सूनबाई म्हणाली, "आई, तुमचा स्ट्रीक तुटला!"

मी म्हटलं, "काय तुटलं?"

"सलग दिवसांचा हिशेब. आता पुन्हा एकपासून."

मी म्हटलं, "देव पण पुन्हा एकपासून मोजतो का गं?" ती हसली, मीही हसले. ॲप तसंच राहिलं.

मग एका सकाळी झोप लागेना म्हणून युटिलिटीत स्टुलावर जाऊन बसले होते. मशीन गरगरत होतं. सूनबाई रात्रीच कपडे घालून ठेवते, ते आपलं आपण पहाटे सुरू होतं. त्या गरगरीत, माहीत नाही कसं, तोंडातून ह्यांची प्रार्थना निघाली. अक्षरन् अक्षर. "हे दयाळू परमेश्वरा, मी तुझ्या चरणांपाशी येतो. माझं मस्तक लववतो. माझ्याकडून जे चुकलं त्याची क्षमा मागतो. ज्या घरात आज चूल पेटली नसेल त्या घरासाठी मागतो. जे वाटेवर असतील त्यांच्यासाठी मागतो." पाऊसपाणी, आजारी माणसं, शाळेतली मुलं, गावचे कारभारी. कुठे थांबायचे, कुठे खाकरायचे, तेसुद्धा मला पाठ. भाताकडे अर्धं लक्ष ठेवून बेचाळीस वर्षं ऐकलेलं सगळं आत साठून राहिलं होतं. मी रडले. आमेन म्हटलं. मशीन पण त्याच वेळी थांबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशीही. अशी लागली सवय. ॲपने नाही, अलार्मने नाही, ह्यांच्या शब्दांनी लागली. चार महिने एक दिवस चुकला नाही. मला वाटलं, सुटले बाई. वचन पाळलं गेलं. मी ह्यांच्या फोटोकडे बघून म्हणायचे सुद्धा, "बघा, चालू आहे हं."

आमच्या स्वयंपाकाच्या अक्काचीही ती घड्याळाची सोय झाली. अक्का चिकोडीकडची, पन्नाशीची. साडेसहाला येते. मी आत पुटपुटत असले की कणीक भिजवते, आणि माझं आमेन ऐकलं की चहा टाकते. मला तिचं येणं फार आवडतं, त्याला कारण आहे. माझं माहेर तिच्या शेजारचंच, निपाणीकडचं. तिकडच्या बायका 'मी येते, मी जाते' असं म्हणत नाहीत, 'मी येतो, मी जातो' म्हणतात. माझी आई तशीच बोलायची, मीही. नगरकडे लग्न होऊन गेले, पहिल्याच दिवशी पाण्याला निघताना म्हटलं, "सासूबाई, मी जातो." सगळी पंगत हसली. सासूबाई म्हणाल्या, "का गं, गडी हायेस का तू? मिशा फुटल्यात का?" त्यानंतर वर्षभर दीर मला 'या पाटील' म्हणायचे. मी जीभ चावून चावून येते-जाते शिकले. पन्नास वर्षांत माझ्या तोंडून एकदाही 'येतो' गेलं नाही. म्हणून अक्का कामं आवरून दारात चप्पल घालताना म्हणते ना, "येतो मी आज्जी," तेव्हा मला माहेरचं माणूस निघाल्यासारखं होतं. मी म्हणते, "ये बाई."

नातीला शाळेला सुट्टी लागली होती. त्या सकाळी ती लवकर उठली आणि तोंडात ब्रश धरून युटिलिटीच्या दारात येऊन उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. मी क्षमा मागण्यापर्यंत आले होते.

"आजी, तू बॉय आहेस का?"

मी डोळे उघडले. "काय गं?"

"तू येतो म्हणालीस. मागतो म्हणालीस. येते म्हणायचं. मागते म्हणायचं. मम्मा मला रोज करेक्ट करते."

"अगं, ती आजोबांची प्रार्थना आहे."

तिने जरा विचार केला. फेस हनुवटीवर आला होता. "मग आत्ता आजोबा मागतायत का?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आजोबा मागत असतील तर तू काय मागतेस?"

ओट्यापाशी अक्का खुदकन हसली. "आमच्यात बायका बी येतोच म्हणत्यात की गं. म्हंजे मी बी पोरगाच झालो की!"

"तू पण चूक आहेस," नात म्हणाली.

"सरी, सरी, बरोबर हाय तुझं. जा, तोंड धू."

त्या दोघींची मस्करी झाली, माझ्या मात्र ते मनाला लागलं. सासूबाईंनी पन्नास वर्षांपूर्वी विचारलं तेच पोरीने विचारलं. गडी आहेस का तू? आणि खरंच की, चार महिने रोज सकाळी मी देवापुढे मास्तर होऊन बसत होते. चूल न पेटलेल्या घरांसाठी मागत होते; मला इथे एक तसं घर माहीत नाही. गावच्या कारभाऱ्यांसाठी मागत होते, आता कोण आहेत तेही माहीत नाही. देवाने ऐकलं असेल तर त्याला वाटलं असेल, मास्तर इथे माझ्याजवळ पोचलेत, मग खालून हा आवाज कुणाचा?

दुसऱ्या सकाळी ठरवून बसले. "मी तुझ्या चरणांपाशी येते." इथवर ठीक. "मस्तक लववते." अडखळले. "क्षमा मागते." पण कशाची? ह्यांना माहीत असायचं कशाची, ते म्हणून गेले की मी आमेन म्हणायचे. 'मागते' म्हटलं की पुढचं सगळं गळून पडायला लागलं. मग वाटलं, पाळकसाहेब उपासनेत 'आम्ही' म्हणतात, तसं म्हणावं. 'आम्ही येतो', त्यात बाईपुरुष सगळे मावतात. म्हणून पाहिलं. तर स्टुलावर मी एकटी, वर ओला टॉवेल, बाजूला मशीन. आम्ही कोण? आणि हे तर मुद्दामच 'मी' म्हणायचे. त्यांचं म्हणणं असायचं की देवापुढे ज्याने त्याने आपलं आपण उभं राहावं, दुसऱ्याच्या आडून बोलू नये. बेचाळीस वर्षं ते हे म्हणत होते आणि मी त्यांच्याच आड बसले होते.

तिसऱ्या दिवशी डोळे मिटून नुसती बसले. म्हटलं, काय मागतेस बाई तू? सांग तरी. आणि पोटातून वर आलं ते असं, "देवा, मला घरी जायचंय. मला इथे कोंडल्यासारखं होतं. मला इथून काढ."

मोठ्याने आलं. मशीन नेमकं थांबलं होतं.

डोळे उघडले तर मुलगा दारात. हातात कॉफीचा मग, कानातलं यंत्र गळ्यात लोंबतंय. त्याने ऐकलं होतं. ऐकलं नाही असं करता आलं असतं त्याला, पण त्याचा चेहरा त्याच्या बापासारखा आहे, काही लपत नाही.

"आई, इथे काही कमी पडतंय का?"

"नाही रे. कमी काय?"

"मग?"

"काही नाही. आपलं असंच तोंडातून आलं."

तो पालथ्या बादलीवर टेकला. इतका मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाला, "पाय बरे झाले की जाऊ आपण. चार दिवस राहू."

"हो," मी म्हटलं.

माझे पाय बरे व्हायचे नाहीत हे त्यालाही माहीत, मलाही. चार दिवसांची सुट्टी त्याला मिळायची नाही हेही दोघांना माहीत. त्याने कॉफी फरशीवर ठेवली. मग म्हणाला, "मला पण कुठेतरी जायचंय, आई. कुठे ते कळत नाही." तेवढ्यात गळ्यातलं यंत्र वाजलं, त्याने ते कानाला लावलं आणि इंग्रजीत बोलत उठून गेला.

त्यानंतर मी स्टुलावर बसले नाही. कशी बसणार? ह्यांची प्रार्थना म्हणावी तर ती माझी नाही. माझी म्हणावी तर ती घरातल्यांच्या काळजाला लागते. खोटं बोलावं तर ते देवाशी. सगळीकडून दार लागलेलं. सकाळी जाग यायची तशी यायची, मी पडून राहायचे आणि नातीच्या श्वासाकडे कान द्यायचे. फोटोतल्या ह्यांच्याकडे बघणं टाळायचे. घरातली प्रार्थना दुसऱ्यांदा बंद पडली होती. पहिल्यांदा निदान मला येत नव्हती हे कारण होतं.

सातव्या-आठव्या दिवशी अक्का खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे.

"आज्जी, बरं वाटंना झालंय का? आठवडा झाला आमेन न्हाई तुमचं. माझा च्या रोज चुकालाय. परवा उतू गेला, काल जळला."

"बरी आहे गं मी."

"मग पोरीचं बोलणं मनाला लावून घेतलासा व्हय?"

मी म्हटलं, "अक्का, तू निघताना देवाला काही म्हणतेस का?"

"मी? मला कुठला वेळ. दाराला हात लावून म्हणतो, येतो गं आई, घराकडं बघ. झालं."

असं म्हणून ती चहा बघायला गेली. मी मात्र उठून बसले. कारण ते मी ऐकलेलं होतं.

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. सकाळी भाकरी फडक्यात बांधायची, आम्हा पोरांवरून नजर फिरवायची, आणि चौकटीला हात लावून म्हणायची, "देवा, येतो मी. घराकडं बघ." आणि निघायची. कधी शेजारणीला म्हणाल्यासारखं, कधी ओरडून, कधी आमच्यावर रागावलेली असली की करवादून. ती प्रार्थना आहे असं मला कधी वाटलंच नाही. आईला वाचता येत नव्हतं, उपासनेत ती मागे बसायची. आमच्या हिशेबी प्रार्थना म्हणजे मास्तरांची, पाळकांची. हे आईचं नुसतं निघताना बोलायचं बोलणं. पण ते रोज होतं. घरात ताप असला, भांडण असलं, चूल थंड असली तरी होतं. आणि त्यात येतो होतं. ते कुण्या पुरुषाकडून उसनं घेतलेलं नव्हतं, आईचं स्वतःचं होतं.

म्हणजे चार महिने माझ्या तोंडात जे 'येतो' बसलं होतं, ते सगळंच काही ह्यांचं नव्हतं म्हणायचं. थोडं माझ्या आईचंही होतं. जीभ चावून चावून मी ते सासरी गाडलं होतं. ते ह्यांच्या प्रार्थनेच्या आडून वर आलं असेल का? मला माहीत नाही. मी शिकलेली नाही, उगीच मोठं काही सांगत नाही. पण त्या सकाळी हलकं वाटलं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी स्टुलापाशी गेले. बसले नाही, उभीच राहिले, युटिलिटीच्या चौकटीला हात लावून. आता म्हणायचं काय? आई निघायची म्हणून म्हणायची, येतो. मी तर कुठे निघत नाही. तिला वखारीत कष्ट होते, पण वाट होती, वाटेवर बायका होत्या. माझी वाट ह्या चौकटीपासून त्या बादलीपर्यंत. तेव्हा जे खरं होतं तेच म्हटलं. हळू म्हटलं, मुलाला ऐकू जाऊ नये इतपत, पण ओठ मिटून नाही. "देवा, मला इथे करमत नाही. जायचंय, जाता येत नाही. पोराला पण करमत नाही, त्याच्याकडे बघ. घराकडं बघ."

कुठल्या घराकडे ते मी सांगितलं नाही. एक तिकडे कुलपात आहे, एक इथे जाळीत आहे. ज्याला सांगायचं त्याला कळतं.

तेव्हापासून रोज एवढंच म्हणते. रोज तीच तक्रार. वचन पाळलं जातंय की नाही, मला ठाऊक नाही. ह्यांना ही प्रार्थना कदाचित आवडली नसती, म्हणाले असते, अगं, आधी आभार मान. तेही कधी कधी मानते, चहा चांगला झाला असेल तर. काही सकाळी नात येऊन माझ्या कमरेला टेकून उभी राहते. बोलत काही नाही, ब्रश चालू असतो. मी डोळे मिटून तिच्या डोक्यावर हात ठेवते आणि तिच्यासाठीही काही मागते. कधी शुद्ध, कधी अशुद्ध.

आणि मला इथे अजून करमत नाही. ते गेलेलं नाही. काही सकाळी चौकटीला हात लावला की वाटतं, आज दार उघडेल, कुठलं तरी. उघडत नाही. मशीन थांबतं, समोरच्या जाळीत कुणीतरी टॉवेल वाळत घालतं, मी आमेन म्हणते.

आज सकाळी आमेननंतर, सवयीने म्हणा की आणखी कशाने, तोंडातून निघून गेलं, "येतो."

अक्काने चहा टाकता टाकता मागे वळून पाहिलं. "कुठं निघालासा, आज्जी?"

"कुठं जातो बाई मी," म्हटलं, "साखर कमी टाक."